तीव्रता ५.३ म्हणजे नेमकी कुठली तीव्रता?

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ. साडेसात व्हायला दोन-तीन मिनिटं असतील, मी ओट्यापाशी चहा गाळत होतो आणि देवघरापुढचा लामणदिवा हलायला लागला. वारा नाही, थंडीमुळे पंखा बंद, खिडक्या बंद, आणि दिवा आपला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, हळू हळू, जसं कोणी बोटाने ढकलून निघून गेलं. आम्ही नागपूरला, मानेवाड्यात चौथ्या मजल्यावर राहतो. मी गाळणी हातात धरून तसाच उभा राहिलो, दहा-बारा सेकंद असतील, मग थांबलं.

पाच मिनिटात मोबाईलवर मेसेजचा पाऊस. पुतणी अकरावी सायन्सला आहे, आमच्याचकडे राहते, ती ब्रश तोंडात घेऊनच बाहेर आली, "काका, तेलंगणात मुलुगूला भूकंप झाला, तीव्रता ५.३ रिश्टर स्केल लिहून राहिले सगळे, आपल्याकडे पण धक्के जाणवले म्हणे, पण आपल्याकडे तर साधी वाटी पण नाही पडली न, मग तीव्रता ५.३ कशी?"

मी वीस वर्षांपासून अकरावी-बारावीचे मॅथ्स-फिजिक्सचे क्लास घेतो आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तिने नकळत बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. गडबड तिची नाहीच, गडबड त्या 'तीव्रता' शब्दाची आहे. मराठी बातम्यांत तीव्रता हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे मॅग्निट्यूड, भूकंप मुळात केवढा मोठा होता ते. दुसरी म्हणजे इंटेन्सिटी, तुमच्या गावात, तुमच्या घरात जमीन किती जोरात हलली ते. पहिला आकडा एका भूकंपाला एकच असतो, दुसरा गावागणिक वेगळा, कधी कधी एकाच शहरात मोहल्ल्यागणिक वेगळा. खरं तर तीव्रता हा शब्द दुसऱ्याचा आहे आणि आपण तो पहिल्याला देऊन टाकला. मी क्लासमध्ये पहिल्याला भूकंपाचा मोठेपणा म्हणतो आणि तीव्रता हा शब्द गावासाठी राखून ठेवतो. इथे पण तसंच लिहितो.

दिवाळीतला सुतळी बॉम्ब घ्या. बॉम्बमध्ये दारू किती हे ठरलेलं आहे, तो तुमच्या फाटकापाशी फुटो की रिंग रोडवर. पण आवाज तुमच्या कानाला किती आला हे अंतरावर, मधल्या भिंतींवर, खिडकी उघडी की बंद यावर आहे. मुलुगूचा बॉम्ब ५.३ चा होता, साधारण ४० किलोमीटर खोल फुटला, आणि आम्ही त्याच्यापासून सव्वातीनशे किलोमीटरवर, म्हणून फक्त दिवा हलला.

पण पुतणीचं समाधान झालं नाही, आणि मला पण तिला एवढ्यावर सोडायचं नव्हतं, कारण खरी गंमत लॉगमध्ये आहे. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते, तो आकडा: शंभराचा लॉग २, हजाराचा ३.

आपल्याकडे लॉग टेबलची ओळख कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून पोरं ते ब्राऊन कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन बसतात, कॅरॅक्टरिस्टिक काढतात, मँटिसा शोधतात, मीन डिफरन्स मिळवतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. लॉग म्हणजे गुणाकार टाळायची पळवाट, बस. पण लॉगचं खरं काम वेगळं आहे, ते म्हणजे इवलंसं आणि अवाढव्य या दोघांना एकाच पट्टीवर बसवणं.

चार्ल्स रिश्टरपुढे हीच अडचण होती. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात तो भूकंपांच्या नोंदी ठेवत होता. वुड-अँडरसन नावाचं यंत्र होतं, जमिनीची हालचाल दोन-अडीच हजार पटीने मोठी करून कागदावर रेष काढायचं. काही भूकंपांची रेष जेमतेम दिसायची, काहींची कागदाबाहेर जायची. एकाच ग्राफवर हे सगळं मावेना. त्याच्यासोबत काम करणारा बेनो गुटेनबर्ग म्हणाला की लॉग घेऊन काढून बघ. १९३५ साली रिश्टरने स्केल मांडली: भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवर त्या यंत्राने १ मिलिमीटरची रेघ काढली तर तो ३ चा भूकंप. १ सेंटिमीटर काढली तर ४. १० सेंटिमीटर, ५. एक मीटर, ६. आणि ७ म्हणजे १० मीटर, म्हणजे कागद तर सोडाच, आमच्या क्लासची भिंत पण पुरणार नाही. खाली गेलं तर १ मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे शून्य, आणि त्याहून बारीक हालचाल असेल तर मायनस. हो, भूकंप मायनसमध्ये पण असतो, एकापेक्षा लहान संख्येचा लॉग मायनस येतो तेवढंच त्याचं कारण.

मॅग्निट्यूड हा शब्द ताऱ्यांकडून आला हे मला फार आवडतं. रिश्टरला आकाश बघायचा नाद होता. आपण मराठीत ताऱ्यांची 'प्रत' म्हणतो न, पहिल्या प्रतीचा तारा, सहाव्या प्रतीचा तारा, ती पण लॉगचीच पट्टी आहे, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेज शंभर पट. फक्त तिथे उलटं, आकडा वाढला की तारा अंधुक.

आता रिश्टरची मूळ पट्टी मोठ्या भूकंपांना कमी पडायला लागली म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड आणली. त्यात रेघेची उंची नाही मोजत, जमिनीखाली खडकाचा केवढा पट्टा किती सरकला आणि तो खडक किती कडक होता यांचा गुणाकार करतात आणि मग त्याचा लॉग घेतात. शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांना आता हीच वापरतात, पण बातमीत तोंडाला बसलेलं रिश्टरच येतं, ते काही जात नाही. चालतंय, आकडे एकमेकांशी जुळतील असेच बेतलेले आहेत.

ज्या सूत्रावर मी दरवर्षी एक अख्खा तास घालवतो ते हे:

एनर्जीचा लॉग = ४.८ + १.५ × मोठेपणा

एनर्जी जूलमध्ये. यात जीव आहे तो १.५ मध्ये. मोठेपणा १ ने वाढला की यंत्रावरची रेघ १० पट, पण एनर्जी १० चा दीडवा घात, म्हणजे जवळपास ३२ पट. २ ने वाढला तर बरोबर हजार पट. आणि पोरांना विचारतो, एनर्जी दुप्पट व्हायला मोठेपणा किती वाढायला पाहिजे? दोनाचा लॉग सगळ्यांना झोपेत पण पाठ असतो, ०.३०१०. त्याला दीडने भागा. ०.२ आलं. म्हणजे ५.६ आणि ५.८ हे दोन भूकंप बातमीत भाऊ-भाऊ वाटतात, पण दुसऱ्याची ताकद पहिल्याच्या दुप्पट आहे.

या जागी मला १९९७ आठवतं. दरवर्षी आठवतं.

२२ मे १९९७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी तेव्हा कॉलेजात होतो. तेव्हाचे नागपूरचे उन्हाळे ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको, संध्याकाळी गच्चीवर बादल्या बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या, उशाशी सुरई, आणि तिच्या तोंडावर स्टीलचा पेला पालथा. आम्ही सहा जण झोपलो होतो. मला जाग आली ती त्या पेल्याने, सुरईच्या काठावर टण टण टण टण वाजत होता, बारीक, भराभर, जसं कोणी आत बसून नखाने वाजवून राहिलं. मग लक्षात आलं की गादी पण सरकते आहे. आजी रामराम म्हणायला लागली. खाली गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. आणि संपलं.

दुपारपर्यंत कळलं, जबलपूरला झाला. आमची आत्या जबलपूरला दिलेली. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, लाइन लागेना, बाबा दिवसभर पीसीओवर उभे होते, रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा आवाज ऐकला तेव्हा आई खाली बसली. सगळे वाचले होते, अंगणात खाटा टाकून झोपले होते म्हणून. घराच्या आतली एक भिंत पडली होती आणि ती भिंत जिथे पडली तिथे थंडीत आत्याची सासू झोपायची.

दुसऱ्या दिवशी पेपरात जो आकडा आला तो नागपूरला आणि जबलपूरला एकच होता. मोठेपणा ५.८. आमचा पेला वाजवणारा पण ५.८ आणि आत्याची भिंत पाडणारा पण ५.८. मला तेव्हा हे अन्यायाचं वाटलं होतं, म्हणजे आपण पण त्या आकड्यात कसे, आपल्याला तर काहीच झालं नाही.

त्याच्या आधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं होतं. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून घरात झोपलेले, पहाटे चारला थोडा वेळ असताना. ६.२. जबलपूरपेक्षा फक्त ०.४ ने जास्त. ०.४ म्हणजे दोन वेळा ०.२, म्हणजे दुप्पटीची दुप्पट, एनर्जी चौपट. चौपट! आणि माणसं? जबलपूरला चाळीसच्या आसपास गेली. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत आठ ते दहा हजार. एनर्जी चौपट आणि मृत्यू दोनशे पट असं कसं, हे लॉग नाही सांगत, ते दुसऱ्या आकड्याकडे, म्हणजे तीव्रतेकडे गेल्याशिवाय कळतच नाही. जबलपूरचा भूकंप जमिनीखाली ३५ किलोमीटरच्या आसपास होता, किल्लारीचा जेमतेम १० किलोमीटर. बॉम्ब चौपट आणि तो पण कानाशी फुटलेला. वर घरं कशी, तर जाड जाड दगडाच्या भिंती, मधे मातीचा गारा, आणि डोक्यावर मातीचं माळवद, टनावारी ओझं. उन्हाळ्यात थंडगार राहणारं घर, पिढ्यान्‌पिढ्या लोक तसंच बांधत आले कारण तिथल्या जमिनीवर कोणाचा संशयच नव्हता. तेव्हाच्या सरकारी नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होतं, सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. पुढे २००२ च्या नकाशात झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि लातूरचा भाग तीनमध्ये गेला. आपलं नागपूर दोनमध्ये आलं.

क्लासमध्ये मी हे फळ्यावर काढतो. जबलपूरच्या एनर्जीला १ सेंटिमीटरची उभी रेघ. बाजूला किल्लारी, ४ सेंटिमीटर. मुलुगू, पावणेदोन मिलिमीटर, खडूचा ठिपकाच होतो. मग म्हणतो, आता २६ जानेवारी २००१ चा भुजचा काढा, ७.७. पोरं हिशेब करतात, फरक १.९, गुणिले दीड, २.८५, अँटिलॉग काढा. ७०८ येतं. सात मीटर! फळ्याची उंची चार फूट. मागच्या वर्षी एका पोराने टेपच आणला आणि जमिनीवर आडवं मोजत गेला, फळ्यापासून निघून, बाकांच्या मधून, दाराबाहेर, पार गाड्या उभ्या असतात तिथपर्यंत. सगळी पोरं दारात जाऊन बघत होती. ५.८ आणि ७.७ मधे किती फरक आहे हे त्यांना मी परत कधी विचारलं नाही, गरजच नाही पडली.

आणि उलट्या दिशेने पण. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात लागोपाठ तीन दिवस छोटे धक्के नोंदले गेले, २.५, २.४, २.७, लोक घाबरले होते, खाणीतल्या ब्लास्टिंगची चर्चा झाली. एका पालकाने मला फोन करून विचारलं की सर ५ चा भूकंप वाईट असतो, मग अडीच म्हणजे त्याच्या निम्मा वाईट न? मी म्हटलं थांबा जरा, हिशेब करून सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाला 'काही नाही होत' म्हणण्यापेक्षा आकडा दिलेला बरा. जबलपूरचा ५.८ घेतला, उणे २.५, ३.३, गुणिले दीड, जवळपास ५. दहाचा पाचवा घात. त्या अडीचसारखे नव्वद हजार धक्के एकत्र केले तर कुठे एक जबलपूर होईल. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, हे असं कोणी पेपरात का नाही छापत. मला पण तेच म्हणायचं आहे. मोठेपणाच्या आकड्यापुढे कंसात एवढं जरी लिहिलं की तुमच्या शहरात तीव्रता इतकी होती, तरी निम्मी भीती आणि निम्मी बेफिकिरी दोन्ही जातील.

आता ती तीव्रता. ती मोजायला यंत्रच पाहिजे असं नाही, माणसांना विचारून पण काढतात. इटलीच्या मर्कालीने १९०२ मध्ये पट्टी केली, १९३१ मध्ये वुड आणि न्यूमन यांनी ती सुधारली, बारा पायऱ्या, रोमन आकड्यांत लिहायच्या. भारतात एमएसके नावाची पट्टी पण वापरतात, तिच्या पण बाराच. दोन म्हणजे वरच्या मजल्यावर शांत बसलेल्या एखाद्यालाच कळतं. तीनच्या आसपास टांगलेल्या वस्तू हलतात. चारला भांडी, तावदानं वाजतात, झोपलेल्या थोड्यांना जाग येते. पाचला झोपलेले बहुतेक जण जागे होतात. सातला साध्या घरांच्या भिंतींना भेगा जातात. आठ-नऊला घरं पडायला लागतात, किल्लारीला तेवढी होती. बाराला काहीच उरत नाही.

मला आधी वाटायचं की ही पट्टी साधी आहे, इथे लॉगबिग काही नाही, पेला वाजला तर चार आणि भिंत फुटली तर सात. पण गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनीच १९४२ मध्ये यंत्राचे आकडे आणि लोकांची उत्तरं समोरासमोर ठेवली तेव्हा निघालं की जमिनीच्या त्वरणाचा, म्हणजे तिच्या झटक्याच्या जोराचा, लॉग म्हणजे तीव्रता भागिले तीन, उणे अर्धा. म्हणजे तीव्रता एक पायरी चढली की जमिनीचा झटका दुप्पटीहून थोडा जास्त, आणि तीन पायऱ्या चढली की बरोबर दहापट. ही सरासरी आहे, खाली काळी माती की खडक, घर जुनं की नवं, कितवा मजला, याने इकडेतिकडे होतं, आणि नंतरच्या लोकांनी काढलेल्या सूत्रांत आकडे वेगळे आहेत, पण लॉग कोणालाच चुकवता आला नाही. मला हे विचार करून अंगावर काटा येतो. यंत्राच्या पट्टीत लॉग माणसाने मुद्दाम घातला, कागद पुरत नव्हता म्हणून. पण इथे कोणी घातला नव्हता. गावोगावच्या लोकांनी आपापलं सांगितलं, कोणाची वाटी पडली, कोणाची भिंत, आणि त्यांच्या सांगण्यात तो आधीपासून होता.

त्या संध्याकाळी क्लासला आलेल्या बावीस जणांना मी चिठ्ठ्या दिल्या: सकाळी कुठे होता, कितवा मजला, काय हललं. नागपूरच्या नकाशावर टाचण्या लावल्या. महालात, इतवारीत जुन्या बैठ्या घरांत राहणाऱ्यांपैकी एकाला पण काही कळलं नव्हतं. बेसा, मनीषनगरकडे सहाव्या-सातव्या मजल्यावरच्यांनी पडदे, झुंबर, फिश टँकचं पाणी असं सगळं लिहिलं. म्हणजे तीव्रता दोन ते तीन. पुतणीने आपल्या टाचणीला लिहिलं, लामणदिवा, तीन.

घरी येऊन ती म्हणाली, आपण १९९७ ची पण काढू या न काका. मग आम्ही आत्याला फोन लावला, आत्या आता ऐंशीला टेकली आहे, पण स्पीकरवर खणखणीत आवाज. पुतणी एकेक विचारत होती, आत्याआजी, भांडी पडली होती का, उभं राहता येत होतं का, भेगा कशा होत्या, सरळ की तिरप्या. आत्याने पण सगळं सांगितलं, हौदातलं पाणी बाहेर सांडलं होतं, देवघरातली घंटा आपोआप वाजली, स्वयंपाकघराच्या भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली होती तिच्यात बोट जायचं, आणि आतली मातीची भिंत पडली ती तर माहीतच आहे. खूप वेळ बोलली. इतक्या वर्षांत तिला हे असं कोणी विचारलंच नव्हतं बहुतेक, आम्ही पण नाही. पुतणीने लिहिलं, सात.

मग आमची गच्ची. पेला वाजला, गादी सरकली, चार नक्की. पण सहांपैकी किती जण जागे झाले यावर चार की पाच ठरणार होतं. मी, आजी, आई, बाबा, असे चौघं मी धरले, म्हणजे बहुतेक जण, म्हणजे पाच. तिने पाच लिहिलं सुद्धा. बाबा बाजूला पेपर वाचत बसले होते, ते म्हणाले, "मी नव्हतो रे झोपलेलो, नळ यायची वेळ झाली होती, मी उठून बसलोच होतो. आणि तुझ्या आईला मी उठवलं, भूकंपाने नाही."

म्हणजे भूकंपाने जागे झालेले दोघंच, आजी आणि मी. पुतणीने पाच खोडून चार केलं, सातातून चार वजा केले, तीन, भागिले तीन, एक, आणि त्याच्यापुढे लिहिलं, आत्याआजीकडे दहापट.